ओरखडे पडलेल्या डीव्हीडीतून आबाजींची दंडार काढायची आहे, मदत करा

चुलबंदकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. साकोली तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे.

२००८ च्या दिवाळीत आमच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीच्या जत्रेला, दंडार झाली होती. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. माझे आबाजी त्यात शाहीर होते. गावाने वर्गणी काढून तालुक्याच्या एका स्टुडिओवाल्याकडून शूटिंग करवून घेतलं आणि त्याने डीव्हीडी करून दिली. आबाजी तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे चार-पाच फोटो आहेत, पण त्यांचा आवाज आणि त्यांचं नाचणं फक्त या एका चकतीत आहे.

परवा माडीवरची लोखंडी पेटी उघडली तेव्हा ती सापडली. कव्हर नाही, नुसती प्लास्टिकच्या पिशवीत. शेजारी धानाची पोती असतात, त्यामुळे कोंड्याची बारीक धूळ आत गेलेली. लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नाही म्हणून मित्राचा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणला. फोल्डर दिसतं, पण सगळं एकदम कॉपी करायला घेतलं की ३७ टक्क्यांवर अडकतं. ड्राइव्ह कर्र-कर्र करतो, थांबतो, पुन्हा करतो आणि शेवटी 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा एरर येतो. टीव्हीच्या जुन्या प्लेयरवर ४४ व्या मिनिटापर्यंत छान चालते, मग चौकोन चौकोन दिसतात आणि चित्र गोठतं. एकूण रेकॉर्डिंग दोन तासांचं आहे.

चुलतभाऊ म्हणतो टूथपेस्ट लाव. बाजारातला मोबाईल दुरुस्तीवाला म्हणतो मशीनवर पॉलिश करून देतो. माझी हिंमत होत नाही. काय करू?

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९:३२

भौ, चुलतभाऊ बरोबर सांगून रायला. म्या कॉलेजात असताना गेमच्या सीडीले टूथपेस्ट लावली होती, मस्त चालली ना बाप्पा. पांढरी पेस्ट पायजे, जेलवाली नाई. थे जेल काई कामाची नसते.

मोहफूल | रविवार, रात्री १०:०५

चुलबंदकाठ भाऊ, टूथपेस्ट आज नको, पॉलिश आज नको, आणि कृपया ती चकती पुन्हा पुन्हा लावून पाहणंही आजपासून बंद करा. मी गोंदियाला बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं, अशा शेकडो चकत्या हातून गेल्या. ज्या कायमच्या गेल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त घरी 'दुरुस्त' करून आणलेल्या होत्या.

आधी इतकं सांगा:
ओरखडे चमकत्या बाजूला आहेत की छापील बाजूला? सरळ आहेत, म्हणजे मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारे, की गोलाईने वळलेले? नखाला लागतात का? बाहेरच्या कडेपासून किती अंतरावर आहेत? बल्बसमोर चकती धरली तर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का? आणि दुसरी एखादी चांगली चकती त्याच ड्राइव्हमध्ये नीट चालते का? आपल्याकडे ड्राइव्हच्या भिंगावरच धूळ बसलेली असते आणि दोष चकतीला जातो.

चुलबंदकाठ | सोमवार, सकाळी ७:२०

दिवसाच्या उजेडात अंगणात नेऊन पाहिली. दुसरी चकती ड्राइव्हमध्ये नीट चालते.

छापील बाजू चांगली आहे. पेनने लिहिलेलं नाव पुसट झालंय तेवढंच. बल्बसमोर ठिपके नाहीत. चमकत्या बाजूला एक ओरखडा बाहेरच्या कडेपासून सरळ आत येतो. तो कडेशी नखाला लागतो, आत येता येता केसासारखा बारीक होतो. आणखी दोन आहेत, गोलाईने वळलेले, एकाला एक लागून, साधारण बोटाच्या पेराएवढे लांब. पट्टी लावून मोजलं, कडेपासून बरोबर २ सेंटीमीटर आत. एक आख्खा अंगठ्याचा ठसा आहे, पिवळसर आणि चिकट. बाकी धूळ.

मोहफूल | सोमवार, सकाळी ८:४५

पट्टी लावून मोजलंत हे फार चांगलं केलंत, कारण त्यावरून दुखणं कुठे आहे ते घरबसल्या सांगता येतं.

चकतीवरचा डेटा एका लांबलचक नागमोडी नव्हे, तर गोल गोल फिरत जाणाऱ्या एकाच रेघेत असतो, आणि ती रेघ आतून सुरू होऊन बाहेर जाते. म्हणजे चकतीच्या मध्यापासून २४ मिलिमीटरवर चित्रपट सुरू आणि ५८ मिलिमीटरवर संपतो. चकतीची त्रिज्या ६० मिलिमीटर, तुमचे वळलेले ओरखडे कडेपासून २० आत, म्हणजे मध्यापासून ४० वर. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तिथपर्यंत चकतीचा ३७ टक्के भाग होतो. तुमची कॉपी ३७ टक्क्यांवर अडकते. दोन तासांचे ३७ टक्के म्हणजे ४४ मिनिटं, आणि टीव्ही ४४ व्या मिनिटाला गोठतो. सगळं एकाच जागी येऊन मिळतं. म्हणजे चकती सगळी खराब नाही. एक अरुंद पट्टा खराब आहे, आणि त्याच्या पुढचा तास-सव्वा तास बहुधा जसाच्या तसा आहे. तुमचा प्लेयर त्या पट्ट्याच्या पलीकडे उडी मारू शकत नाही, एवढंच.

आता सरळ आणि वळलेल्या ओरखड्यात फरक का, ते सांगतो. लेझर रेघेवरून धावत असतो. सरळ ओरखडा त्याला आडवा येतो, क्षणात पार होतो, आणि हरवलेलं चकतीवरच्या जादा माहितीतून पुन्हा जुळवता येतं. डीव्हीडीमध्ये ही जुळवाजुळव रेघेच्या लांबीवर सुमारे ६ मिलिमीटर नुकसान झालं तरी चालते, सीडीत सुमारे अडीच मिलिमीटर. पण ओरखडा वळलेला असेल तर लेझर त्याच्यातूनच चालत राहतो. पेराएवढा ओरखडा म्हणजे ६ मिलिमीटरच्या कितीतरी पुढे. म्हणूनच चकती पुसताना गोल गोल पुसायची नसते. आपण ताटली पुसतो तसा हात आपोआप गोल फिरतो, आणि नेमकं तेच घातक.

धूळ आणि ठसा यांचं तितकं भय नाही. लेझरचा झोत चकतीच्या वरच्या पृष्ठभागावर पसरट असतो आणि आत डेटाच्या थरावर जाऊन बारीक टिंब होतो. त्यामुळे वरचा कण त्याला अंधूकच दिसतो, जसं चष्म्यावरचा छोटा ठिपका आपल्याला वाचताना आडवा येत नाही. चिकट ठसा मात्र झोत पसरवतो. तो धुतल्यावर जाईल.

धुण्याची रीत: कोमट पाणी, भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब. चकती कडांना धरून आधी नुसत्या धारेखाली धरा म्हणजे कोंडा वाहून जाईल. हे न करता पुसाल तर कोंड्यातला खर पॉलिश पेपरसारखा घासेल. मग बोटाच्या पोटाने, आतून बाहेर, सरळ. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटची धार फिल्टरच्या पाण्याची द्या. पुसायला आजीच्या जुन्या धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा घ्या. खांद्यावरचा दुपट्टा नको. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी यांपैकी काहीही जवळ आणू नका, त्याने प्लास्टिक पांढुरकं होतं. उन्हात वाळवू नका. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत डेटा रंगाच्या थरात असतो आणि ऊन त्या रंगाचा वैरी आहे.

पऱ्हाटी | सोमवार, सकाळी ९:१५

मोहफूल भाऊ, पण मंग माह्यी गेमची सीडी चालली कशी?

मोहफूल | सोमवार, सकाळी ९:४०

चालली असेलच, खोटं म्हणत नाही. टूथपेस्टमध्ये बारीक खर असतो. तो ओरखड्याच्या कडा झिजवतो आणि उथळ ओरखडा असेल तर झोत पुन्हा सरळ जाऊ लागतो. दुकानातलं मशीन तेच काम नीट करतं. पण ओरखड्याभोवतीच्या चांगल्या भागालाही ते नवे ओरे पाडतात. गेमची सीडी बाजारात दुसरी मिळाली असती. ही मिळणार नाही. म्हणून जेवढं आज वाचता येतं तेवढं आधी उतरवून घ्यायचं, आणि सगळे उपाय थकल्यावर, हातात प्रत असताना, पॉलिश करायची. क्रम उलटा झाला तर परतीचा रस्ता नाही.

निर्गुडा | सोमवार, सकाळी १०:३०

विषयाला धरूनच विचारते. माझ्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आहेत, २००४ च्या. टीव्हीवर थोडं अडखळत चालतात, पण कॉम्प्युटरवर कॉपी करताना एका जागी एरर येऊन फाइलच पुसली जाते. असं का?

मोहफूल | सोमवार, सकाळी ११:००

ताई, व्हीसीडीची गोष्ट वेगळी आहे. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे डेटाच्या एका छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट कामाचे आणि बरीचशी जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीत जास्त वेळेचं चित्र मावावं म्हणून ती राखीव जागाही चित्रालाच दिली, सेक्टरमध्ये २३२४ बाइट. टीव्हीचा प्लेयर चूक आली तरी पुढे जातो, विंडोजची कॉपी मात्र पहिल्या चुकीला हात वर करते. तुम्हाला कच्चे सेक्टर वाचणारा प्रोग्रॅम हवा, जसा आयसोबस्टर. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, असेल तर सीडीआरडीएओ. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने व्हीसीडी जमत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि सीडी जपून ठेवा, विशेषतः छापील बाजू. सीडीत डेटा आणि चकाकीचा थर छापील बाजूला अगदी वर, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्या बाजूला ओरखडा गेला की डेटाच खरवडला जातो, तिथे कुठलीच पॉलिश चालत नाही.

निर्गुडा | सोमवार, सकाळी ११:१०

करून बघते आणि सांगते. धन्यवाद.

जुनीकॅसेट | सोमवार, दुपारी १:१५

चुलबंदकाठ, मी बरीच वर्षं तालुक्याला फोटो स्टुडिओ चालवला, आता बंद आहे. एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून लिहितो. स्टुडिओवाला कधीच एक डीव्हीडी करत नसे. लग्न असलं तर नवरीकडची एक, नवऱ्याकडची एक, आणि एक-दोन आम्हीच जास्तीच्या काढून ठेवायचो, कारण पंधरा दिवसांनी मामा यायचेच मागायला. मंडईचं शूटिंग गावाच्या वर्गणीतून झालं म्हणता, तर मंडळाच्या अध्यक्षाकडे एक गेली असेल, सरपंचांकडे एक, आणि दंडारीतल्या मुख्य माणसांनी स्वतःच्या पैशाने घेतली असेल. टेपची आशा धरू नका. आम्ही टेप पुन्हा वापरायचो, त्या काळी परवडत नव्हतं. आज त्याचं वाईट वाटतं.

ढोलकीवर कोण होतं? त्याच्या घरी विचारा.

चुलबंदकाठ | सोमवार, दुपारी २:००

हे डोक्यातच आलं नव्हतं. ढोलकी लाखांदूरकडचे एक बुवा वाजवत. ते आता नाहीत, पण मुलगा आहे. फोन करतो.

मोहफूल | सोमवार, दुपारी २:३०

जुनीकॅसेट काका, लाखाची गोष्ट सांगितली.

चुलबंदकाठ, दुसरी प्रत मिळाली आणि ती टीव्हीवर चालत नसली, तरी तिला टाकाऊ समजू नका. दोन चकत्या एकाच मूळ फाइलवरून लिहिलेल्या असतील तर त्यांच्यावर तोच डेटा त्याच जागी असतो. पण दोघींचे ओरखडे त्याच जागी असण्याची शक्यता फार कमी. एकीतलं भोक दुसरीने बुजवता येतं.

तोवर पहिलीचं काम सुरू करा. पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या, उबुंटू किंवा मिंट. त्यात जीएनयू डीडीरेस्क्यू टाका. हा प्रोग्रॅम फाइल कॉपी करत नाही, आख्खी चकती सेक्टर सेक्टर करून एका आयएसओ फाइलमध्ये उतरवतो. त्याचा स्वभाव शहाण्या शेतकऱ्यासारखा आहे, आधी चांगलं पीक घरी आणतो, काटेरी धुऱ्याकडे शेवटी वळतो. सेक्टरचं माप २०४८ द्या. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडू नको असं सांगणारा 'हायफन एन' हा पर्याय द्या. आणि तिसरं नाव नकाशाच्या फाइलचं द्यायला विसरू नका. कुठले सेक्टर आले, कुठले राहिले, हे ती फाइल लिहून ठेवते. लाइट गेली, ड्राइव्ह अडकला, केबल निघाली, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. आपल्याकडच्या विजेला हा प्रोग्रॅम बनवूनच दिलाय असं मला नेहमी वाटतं.

घाई झाली की ड्राइव्ह पूर्ण वेगाने फिरतो, त्याने चूक वाढते. इजेक्ट नावाच्या आज्ञेने वेग कमी करून चारपटीवर (४x) आणता येतो, सगळे ड्राइव्ह ऐकत नाहीत पण बरेच ऐकतात. आणि चकतीला मधल्या भोकाजवळ बारीकशी जरी तडा असेल तर वेगात लावू नका. वेगवान ड्राइव्हमध्ये तडकलेल्या चकतीच्या ठिकऱ्या होतात.

वैनगंगातीर | सोमवार, सायंकाळी ६:१०

मी ब्रह्मपुरी भागातल्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेत कपाटात ठेवलेल्या सीड्यांवर पावसाळ्यानंतर पांढरट जाळीसारखं काहीतरी दिसतं. ते ओरखडे नव्हेत, बुरशी आहे असं मला वाटतं. कोमट पाण्याने वरवरची निघून गेली. पण २००१ मध्ये स्पेनच्या संशोधकांना बेलीझहून आलेल्या एका सीडीवर आतला थर खाणारी बुरशी मिळाली होती हे वाचल्यापासून मी सगळ्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवायला लागले.

लिहायचं कारण दुसरं. लॅपटॉपच्या पातळ बाहेरच्या ड्राइव्हपेक्षा जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा जाड डीव्हीडी रायटर कितीतरी हट्टी असतो. माझ्याकडे ज्या सीड्या पातळ ड्राइव्हने नाकारल्या त्या शाळेच्या जुन्या मशीनने वाचल्या. तुमच्या जवळच्या शाळेत विचारा. अशी मशीन अडगळीत असतात आणि लिलावात निघण्याआधी त्यांच्याकडून हे एक काम करून घेता येतं.

चुलबंदकाठ | बुधवार, रात्री ११:४०

मंडळी, हकीकत सांगतो.

सोमवारी संध्याकाळी चकती धुतली. आजीच्या लुगड्याचा तुकडा मागितला तर ती म्हणाली, कशाले? आबाजींची डीव्हीडी म्हटल्यावर स्वतः पेटीतून काढून दिला. आधी धार धरली तेव्हा पाण्यात कोंड्याची करडी रेघ वाहत गेली. मी सरळ पुसायला लागलो असतो तर ती सगळी घासली गेली असती. अंगठ्याचा ठसा तीनदा साबण लावल्यावर निघाला. तो कोणाचा होता याचा मी विचार करत बसलो होतो, आबाजींचाही असू शकेल. पुसताना हात थांबला, पण पुसला.

पहिली फेरी बाहेरच्या ड्राइव्हवर. रात्रभर चालली. सकाळी ४.३ जीबीपैकी फक्त ५८ एमबी राहिले होते! आयएसओ व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडली. ४४ व्या मिनिटाला दीड मिनिट गडबड, आणि मग पुढचं सगळं आहे. पुढचा सव्वा तास मी अठरा वर्षांचा असताना एकदाच पाहिला होता.

वैनगंगातीर ताईंचं ऐकून मंगळवारी शाळेत गेलो. गुरुजींनी अडगळीतला कॉम्प्युटर काढून दिला. धूळ झटकली, चालू झाला. त्याच आयएसओवर, त्याच नकाशावर काम पुढे सुरू केलं. दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा तिथूनच पुढे सुरू झालं, मोहफूल दादा, अगदी तुम्ही म्हणालात तसं. संध्याकाळपर्यंत ११ एमबी उरले. त्यानंतर कितीही फिरवलं तरी आकडा हलत नाही.

मोहफूल | गुरुवार, सकाळी ६:५०

११ एमबी म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगचे साधारण १७ सेकंद. आता थांबा. तोच ओरखडा पुन्हा पुन्हा वाचून हाती काही लागणार नाही, ड्राइव्ह मात्र झिजेल. आयएसओ आणि नकाशा दोन्हींची वेगळी प्रत करून ठेवा. लाखांदूरचं काय झालं?

चुलबंदकाठ | गुरुवार, सकाळी ७:३०

उद्या जातो. मुलगा म्हणाला, डीव्हीडी आहे पण बाद आहे. नातीने वरचं कागदी स्टिकर फाडून टाकलंय आणि खिडकीत पडून असायची म्हणून टीव्हीवर तासाभरानंतर काहीच दिसत नाही. स्टिकर फाटलं म्हणजे गेलीच ना?

मोहफूल | गुरुवार, सकाळी ८:००

सीडी असती तर हो, स्टिकरबरोबर चकाकीचा थर उपटून आला असता. पण डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते, आणि डेटा त्या दोघींच्या मधोमध. भाकरीत पिठलं घालून दुमडल्यासारखा. वरून स्टिकर फाटलं तरी आतलं शाबूत राहतं. आणि तासाभरानंतर दिसत नाही म्हणजे बाहेरचा भाग उन्हाने गेला. तुम्हाला हवी आहेत ४४ व्या मिनिटाची १७ सेकंदं, ती आत आहेत. जा आणि घेऊन या.

अर्धं स्टिकर एका बाजूला चिकटून असेल तर ओढून काढू नका. पण अशा अर्ध्या स्टिकरने चकतीचा तोल जातो आणि वेगात ती थरथरते, म्हणून वेग अगदी कमी ठेवा. सुरू करण्याआधी दोन्ही चकत्यांचं एकूण माप आणि आतल्या फाइलींची मापं जुळतात का ते बघा. एक बाइटही कमी-जास्त असेल तर त्या वेगवेगळ्या वेळी तयार केलेल्या आहेत, मग मिसळू नका.

जुनीकॅसेट | गुरुवार, सकाळी ९:२०

मापं जुळतील. एकदा फाइल तयार झाली की आम्ही तीच पुन्हा पुन्हा लिहायचो. प्रत्येक प्रतीसाठी नव्याने बनवायला वेळ कोणाकडे होता.

निर्गुडा | शुक्रवार, दुपारी ४:००

माझ्या तीनपैकी दोन व्हीसीडी पूर्ण उतरल्या. तिसरीत सप्तपदीच्या वेळी चार-पाच ठिकाणी चौकोन येतात, पण फाइल शेवटपर्यंत आहे. मोहफूल दादा, खूप आभार. आई-बाबांना दाखवलं.

चुलबंदकाठ | शनिवार, रात्री १०:१५

मापं जुळली. बाइट न् बाइट.

लाखांदूरला गेलो तेव्हा बुवांच्या मुलाने चकती ज्वारीच्या पिठाच्या जुन्या डब्यातून काढून दिली. अर्धं स्टिकर होतं, त्यावर लग्नाचं चित्र. बहुतेक स्टुडिओवाल्याकडे तेवढंच शिल्लक असेल. बाहेरच्या बाजूचा रंग साफ उडालेला, आतला जांभळट अजून होता, दोन रंगांमधली सीमा डोळ्यांनी दिसत होती.

शाळेच्या मशीनवर, दोनपटीच्या वेगाने, त्याच आयएसओवर तोच नकाशा देऊन चालवली. उरलेले ११ एमबी चाळीस मिनिटांत भरत गेले. मी आणि गुरुजी दोघंही स्क्रीनसमोर बसून होतो. शेवटी ९६ केबी उरले.

मोहफूल | शनिवार, रात्री १०:४०

फार आनंद झाला. डीव्हीडीत चुकांची दुरुस्ती ३२ केबीच्या गठ्ठ्यांनी होते, म्हणजे तुमचे नेमके तीन गठ्ठे उरले. कडेजवळचा तो नखाला लागणारा ओरखडा असणार. तिथे दुसरी चकतीही उन्हाने गेलेली, म्हणून भरले नाहीत. बघा, १ तास ५० मिनिटांच्या पुढे कुठेतरी क्षणभर चौकोन येतील, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त नाही. आता हवी तर पहिली चकती पॉलिश करा. माझं मत विचाराल तर करू नका.

चुलबंदकाठ | रविवार, दुपारी १२:०५

नाही करणार. दोन्ही चकत्या कव्हर आणून उभ्या ठेवल्या आहेत. बुवांची चकती परत करायला निघालो तर मुलगा फोनवर म्हणाला, ते असू द्या, आम्हाला पेन ड्राइव्ह द्या. दिला. एक हार्ड डिस्कवर आहे, एक पुण्याला बहिणीकडे पाठवला.

१ तास ५३ व्या मिनिटाला चौकोन येतात, पापणी लवायच्या आत जातात.

काल रात्री घरी सगळ्यांनी पाहिलं. ४४ व्या मिनिटाला, जिथे टीव्ही नेहमी गोठायचा, तिथे आबाजी बुवांच्या ढोलकीसमोर येऊन एका पायावर गिरकी घेतात, फेट्याचा शेव तोंडात धरून. सतरा सेकंदं म्हणजे तेवढीच गिरकी होती. आजी पाहता पाहता पुढचं कडवं आधीच म्हणायला लागली आणि मग एकदम थांबली. म्हणाली, इथं इसरले होते ते, म्याच मागून सांगितलं. आम्ही आवाज वाढवून पुन्हा लावलं. ढोलकीच्या मागे, गर्दीतून, एका बाईचा आवाज येतो. पुढचा शब्द सांगतो.

मंडळाला सांगितलं आहे, यंदाच्या मंडईत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पडदा लावून दाखवणार. मोहफूल दादा, जुनीकॅसेट काका, वैनगंगातीर ताई, जमलं तर या. पऱ्हाटी भाऊ, तुम्हीही.

पऱ्हाटी | रविवार, दुपारी १२:३०

येतो ना भौ. आन् घरी बाबाची भजनाची सीडी आये, थेले हात नाई लावत आता. घेऊनच येतो संगं.